डाव्या कानाचा सूर

सदाशिव बुगड यांना अख्खं इचलकरंजी सदाण्णा म्हणतं आणि तिथलं श्रुती संगीत मंडळ कानसेन म्हणतं. गळ्यात सूर नाही, हातात वाद्य नाही, पण ऐकावं ते सदाण्णांनीच, असा त्यांचा लौकिक. हा लौकिक त्यांनी मैफलीत नव्हे, मागाच्या कारखान्यात कमावला. पस्तीस वर्षं ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ठाकठीक करणारा माणूस. अठ्ठेचाळीस माग एकदम खडखडत असताना ते दारातूनच सांगायचे, "तिसऱ्या ओळीतला पाचवा बंद करा, धोटा अडकाय लागलाय." सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा तो धोटा खरोखरच अडखळत असायचा. मालक चाट पडायचे आणि सदाण्णा मिशीत हसायचे.

तर हा कानसेन २०३९ सालच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, मेन रोडवरच्या 'कानगोष्ट' नावाच्या दुकानात हेडफोन घ्यायला गेला. जुन्या हेडफोनच्या गाद्यांचं कातडं सुटलं होतं आणि त्याच्या काळ्या पापड्या कानशिलांना चिकटत होत्या. तीन दिवस सदाण्णा तसेच गावभर हिंडले, पण सांगायची कुणाची छाती झाली नाही. दुकान त्यांच्याच मुलीचं, केतकीचं होतं. तिनं आधी ओल्या रुमालानं त्यांचे कान पुसले.

"आता सांगा, कसले पायजेत? चालताना ऐकणार का बसून?"

"बसून. मोठे दे, कानावर बसणारे."

"ते आवाजाला झकास आहेत, पण एप्रिलात कान उकडून निघतील तुमचे. गळ्यात अडकवायचे दाखवू?"

"त्याचे रबरी बोळे टोचतात. आणि ते बारके बड नकोत. एक पडला गटारात की दुसऱ्याचं काय करायचं?"

केतकी हसली. चौतीस वर्षांची ही मुलगी गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत होती. "आप्पा, आता कंपनी बघून घेत नाहीत. कान बघून घेतात. बसा इथं."

ती म्हणाली ते खरंच होतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो आणि त्यात हजारो सूक्ष्म पेशी असतात. बाहेरचा आवाज आला की त्या थरथरतात, आणि थरथरताना स्वतःही एक अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतात. म्हणजे कान नुसता ऐकत नाही, बोलतोही. डॉक्टरांना हे साठ वर्षांपासून ठाऊक होतं. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे त्यावरूनच तपासतात. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र असे बड निघाले, की ते कानाचं हे बोलणं टिपून त्याचा पुरता नकाशा काढत. कुठला सूर किती ऐकू येतो, एवढंच नव्हे, तर कुठला सूर आपल्या जागेवरून सरकून ऐकू येतो, हेही त्यात दिसे. माणसाला काही विचारावं लागत नसे. मग बड त्या नकाशाच्या उलट काम करत: जे कमी ते वाढवायचं, जे सरकलं ते जागेवर आणायचं. डोळ्याला चष्म्याचा नंबर असतो तसा हा कानाचा नंबर.

"मला कशाला नंबर?" सदाण्णा म्हणाले. "माझा कान आहे हा."

"फुकट आहे आप्पा. घाला की."

दोन मिनिटं कानात चिमण्यांसारखी चिवचिव झाली. तेवढ्यात सदाण्णांनी येण्याचं खरं कारण सांगितलं. रविवारी मंडळ त्यांना 'कानसेन' सन्मान देणार होतं. शाल, नारळ, मानपत्र. "त्या दिवशी मी तुझं रेकॉर्डिंग लावणार आहे. कोल्हापूरच्या स्पर्धेतलं. पंधरा वर्षं झाली, आता सगळ्या गावाला ऐकू दे माझ्या पोरीवर काय अन्याय झाला ते. त्यातला नेमका तुकडा काढायचाय, म्हणून चांगले हेडफोन पायजेत."

केतकीचं लक्ष पडद्याकडे होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मागाचा बिघाड बघताना तुम्ही कुठला कान लावत होता?"

"डावा. उजव्या हातात पाना असायचा न्हवं? का गं?"

"काही नाही." तिनं पडदा स्वतःकडे वळवला. "बडच घ्या तुम्ही. मी लावून देते सगळं. पण ते रेकॉर्डिंग लावायलाच पायजे का?"

"लाजतेस काय," सदाण्णा म्हणाले आणि बडांची डबी खिशात टाकून निघाले.

स्पर्धेची गोष्ट गावाला तोंडपाठ होती, कारण सदाण्णांनी ती सांगायची एकही संधी सोडली नव्हती. केतकीला गळा होता. तिचे गुरुजी ती तेरा वर्षांची असताना गाव सोडून गेले आणि मग रियाजाला रोज सकाळी सदाण्णा स्वतः समोर बसू लागले. सूर तपासायचं यंत्र मोबाइलमध्ये होतं, पण ते वापरायला त्यांची मनाई होती. आपल्या कानापुढे त्या डबड्याची काय कथा, असं त्यांचं म्हणणं. एकोणिसाव्या वर्षी ती जिल्हा स्पर्धेत भूप गायली. परीक्षक इनामदार बाईंनी कागदावर लिहिलं, 'तार षड्ज उतरतो.' तार षड्ज म्हणजे सप्तकाच्या टोकाचा सा. तोच जागेवर नाही म्हटल्यावर बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. सदाण्णा पायऱ्या चढून मंचावर गेले आणि भर सभागृहात बाईंना म्हणाले, "तुमचे कान विकलेत काय?" त्यानंतर मंडळानं इनामदार बाईंना एकदाही बोलावलं नाही, सदाण्णांच्या शब्दाखातर. केतकीनं गाणं सोडलं. आणि सदाण्णांना आयुष्यात एकाच गोष्टीचा निर्भेळ अभिमान होता, की सगळं जग विरोधात असताना आपण पोरीच्या मागे उभे राहिलो.

घरी आल्यावर खुर्चीत बसून त्यांनी बड घातले. बायको गेल्यापासून दुपारी गाणं ऐकणं हाच त्यांचा उद्योग होता. आधी एका थोर गायकाची जुनी मैफल लावली. मोठ्या गायकांचाही तार षड्ज सदाण्णांना नेहमी जरा चढाच वाटत आला होता. मोठ्या माणसांचं चालतं, असं म्हणून त्यांनी अख्खीच्या अख्खी घराणी माफ केली होती. आज मात्र तो षड्ज असा काही लागला की ते खुर्चीत सावरून बसले. बड भलतेच चांगले निघाले म्हणायचे.

खूश होऊन त्यांनी केतकीची जुनी रेकॉर्डिंगं काढली. पहिलंच होतं तेराव्या वर्षीच्या रियाजाचं. तंबोऱ्यावर पोरीचा कोवळा आवाज वर चढला, तार षड्जावर गेला आणि तिथं स्वच्छ टेकला. मागोमाग सदाण्णांचा स्वतःचा आवाज आला, वीस-एकवीस वर्षांनी तरणा, खणखणीत.

"चढतोय केतकी. खाली घे."

पोर पुन्हा वर गेली, पुन्हा त्याच जागेवर टेकली.

"चढतोय म्हणतोय न्हवं? कान कुठं आहेत? खाली."

तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा आवाज थरथरत होता, आणि या वेळी तो जागेवर पोचलाच नाही. थोडा अलीकडे, चांगला श्रुतीभर खाली थांबला.

"हां. आत्ता बरोबर."

सदाण्णांनी ते चार वेळा ऐकलं. मग स्पर्धेतला भूप लावला. पंधरा वर्षं ज्या षड्जासाठी ते भांडले होते, तो उतरलेला होता. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी, त्याच श्रुतीनं, एखाद्या नेमानं उतरलेला होता.

पण पस्तीस वर्षं कानावर जगलेला माणूस पहिल्या फटक्यात कानाला दोष देत नाही. त्यांनी दोष यंत्राला दिला. चपला घातल्या आणि भर दुपारी तरातरा दुकान गाठलं.

दुकानात कॉलेजच्या दोन मुली बड घालून बघत होत्या. सदाण्णांनी डबी काउंटरवर आपटली.

"हे असलं विकतेस तू? सुरेल माणसाला बेसूर करतंय हे. तुझा षड्ज खाली ओढलाय त्यानं. लोकांचे कान नासवायचं दुकान काढलंयस?"

"आप्पा, आत या. आत बोलू."

"आत कशाला? इथं दाखव, लोकांसमोर. काय लपवायचंय?"

केतकीनं एकदा मुलींकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. "बघा बरं का," ती हळू म्हणाली. तिनं बडांतली दुरुस्ती बंद केली, ते त्यांच्या कानात घातले आणि एक सूर लावला. आधी उजव्या कानात, मग डाव्या.

"ह्यातला वरचा कुठला?"

"डावा. शेंबडं पोरगं बी सांगेल."

मुलींच्या कानांतल्या बडांतही तोच सूर जात होता. त्यातली एक मुलगी कान चाचपत म्हणाली, "काका, दोन्ही एकच आहेत की."

"पुन्हा लाव," सदाण्णा म्हणाले.

केतकीनं लावला. त्यांना डावा वर वाटला. मुलींनी एकमेकींकडे बघून माना खाली घातल्या. वयस्कर माणसाला हसू नये एवढं शिक्षण त्यांना होतं, आणि त्या हसल्या नाहीत, हेच सदाण्णांना जास्त लागलं.

मग ते मुकाट्यानं आत गेले. आतल्या स्टुलावर केतकीनं त्यांना तो नकाशा दाखवला. उजव्या कानाची रेघ वयाच्या मानानं बरी होती. डाव्या कानाच्या रेघेला मध्ये एक मोडतोड झालेला पट्टा होता. खडखडत्या मागाला तो कान वर्षानुवर्षं टेकवला होता. तिथल्या पेशी मेल्या होत्या आणि त्यांचं काम शेजारच्या पेशी करत होत्या. शेजारच्यांना आपलाच सूर ठाऊक. म्हणून खालचे सूर सदाण्णांना सरळ कळायचे, पण वर गेलं की डावा कान प्रत्येक सूर श्रुतीभर चढवून सांगायचा. दोन कानांची साक्ष जुळेना की मेंदू सवयीच्या कानाचं ऐकतो. त्यांची सवय डाव्याची होती. गाणं ऐकतानाही ते मागासमोर बसावं तसे, डावा कान पुढे करूनच बसत.

"म्हणजे ज्या कानानं माग ओळखले..."

"त्याच कानानं आप्पा. तो मागातच गेला."

"इनामदार बाई खरं बोलल्या."

"हो."

"त्या आहेत का अजून?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

सदाण्णांनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. "सकाळी मशीन लावलंस तेव्हाच तुला दिसलं हे. बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "म्हटलं, तुमचं तुम्हाला ऐकू येऊ दे."

"आणि त्या दिवशी? स्पर्धेत? तुला तरी कळत होतं का?"

"तंबोरा माझ्या कानाशी होता आप्पा. सूर कुठं आहे ते मला लहानपणापासून कळत होतं. पण समोर पहिल्या रांगेत तुम्ही बसला होता. मी बरोबर जागेवर गेले असते तर तुमचं तोंड वाकडं झालं असतं. मग मी तुमच्या जागेवर गेले. तुम्ही खूश दिसला."

सदाण्णांना तो दिवस आठवला. ते खरंच खूश झाले होते. डोळे मिटून, मांडीवर हात मारून त्यांनी दाद दिली होती.

"मग मी बाईंना शिव्या घातल्या तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"तुम्ही माझ्यासाठी एवढं भांडत होता. कसं बोलू?" केतकीनं नकाशा बंद केला. "रविवारी ते रेकॉर्डिंग तेवढं लावू नका. बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही. शाल घ्या, घरी या. आता उगीच गावभर कशाला?"

म्हणजे एकोणिसाव्या वर्षी पोरीनं त्यांना सांभाळून घेतलं होतं आणि चौतिसाव्या वर्षीही तेच करत होती. सदाण्णा मागच्या दारानं बाहेर पडले. पुढच्या दारात त्या दोन मुली अजून होत्या.

रविवारी संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. चिटणीस मगदूम सरांनी मानपत्र वाचलं. त्यात सदाण्णांच्या कानाला सोनाराच्या काट्याची उपमा होती, आणि 'कन्येवरील अन्यायाविरुद्ध एकाकी झुंज' असंही एक वाक्य होतं. सदाण्णा शाल पांघरून खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, भरून आलंय.

बोलायला उभे राहिल्यावर त्यांनी ठरवलेलं वाक्य म्हटलं. "मी कानसेन नाही. माझा कान खोटा आहे."

हॉलभर कौतुकाचं हसू पसरलं. पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं, "वा, काय विनय आहे." मग टाळ्या सुरू झाल्या आणि वाढतच गेल्या. सदाण्णा माइक धरून उभे होते. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं होतं, आता लोकांनी मानलं नाही तर त्याला ते काय करणार? आणि असं सुटल्यासारखं वाटलं याचीच त्यांना लगेच इतकी शरम वाटली की कानांच्या पाळ्या तापल्या. तिसऱ्या रांगेत केतकी बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, जोरजोरात, त्यांच्याकडे बघत. बसा आता खाली, असं ती म्हणत होती.

ते बसले नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"विनय नाही हा," ते म्हणाले. "माझा डावा कान मागात गेलाय. वरचा सूर मला चढा ऐकू येतोय. कधीपासून कोण जाणे. इनामदार बाईंनी लिहिलं ते बरोबर होतं, षड्ज उतरलेला होता. पण तो माझ्या पोरीनं नाही उतरवला. ती बरोबर गात होती. मी रोज सकाळी समोर बसून, रागावून, खाली घे खाली घे म्हणून तो खाली आणला. सहा वर्षं. बाई खोट्या नव्हत्या, पोर खोटी नव्हती. मी होतो. तुम्ही बाईंना बोलावलं नाही ते माझ्यामुळं. त्या आता गेल्या, त्यांची माफी मागायची सोय राहिली नाही."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज येऊ लागला. सदाण्णांनी शाल काढली, घडी घातली आणि मगदूम सरांच्या हातात दिली. सरांनी ती घ्यावी की नाही हे न कळून घेतली आणि घाईघाईनं आभार मानले. नंतर चहा आणि भडंग होतं. लोक द्रोण हातात धरून हवापाण्याविषयी बोलत होते. सदाण्णा जवळून गेले की त्यांची बोलणी बारीक होत. कुणी चिडलं नाही, कुणी दूषणं दिली नाहीत, फक्त कुणी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

ते हॉलच्या मागच्या अंगणात, सायकली लावायच्या जागी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं केतकी चहाचे दोन कप घेऊन आली.

"सांगायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"होती."

दोघांनी चहा घेतला. आतून खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता.

"केतकी, परत गायला सुरुवात कर. मी नाही बसणार समोर. एखाद्या चांगल्या गुरूकडं जा. यंत्र लाव, काय वाटेल ते लाव. गळा आहे तुझा अजून."

तिनं मान हलवली. "गाऊन बघते मी आप्पा. अधूनमधून, घरी कुणी नसताना. यंत्र लावूनही बघितलं. खालचं सगळं ठीक येतं. वर गेलं की गळा आपोआप तुमच्या जागेवर जातो. मनात सूर बरोबर असतो, गळ्यातून तुमचा निघतो. लहानपणी बसलेलं आहे ते, हलत नाही. कानाचा नंबर काढता येतो. गळ्याचा अजून कुणी काढला नाही."

"एकदा गा. मला ऐकू दे."

"कशाला?"

"गा बाई."

तिनं कप सायकलच्या कॅरिअरवर ठेवला. त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिनं भूपाची एक ओळ धरली, आणि पायरी पायरीनं वर जाऊन तार षड्जावर थांबली. पंधरा वर्षांनी तिचा आवाज त्यांच्या इतक्या जवळ आला होता. बड घरी राहिले होते, कान उघडे होते. आणि उघड्या कानांना तो षड्ज अगदी अचूक, जागच्या जागी, कुठं बोट ठेवायला जागा नाही असा लागला.

तो इतका गोड लागला की सदाण्णांना मान वर करून पोरीकडे बघवेना.